टायर निवडायचे ते जुलैसाठी : ऑडी टीटीच्या प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

गाडी : ऑडी टीटी ४५ टीएफएसआय क्वाट्रो (म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद), तिसरी पिढी. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती, ३७० न्यूटन-मीटर टॉर्क. चारही चाकांना २४५/४० आर१८ (रुंदी २४५ मिमी, टायरची बाजू म्हणजे साइडवॉल त्याच्या चाळीस टक्के, रीम १८ इंची). गाडी गेल्या वर्षी जुनी घेतली, टायर आधीच्या मालकाने बसवलेले.

सकाळी ऊन चढायच्या आत चारही चाकं उतरवली. उभ्या गाडीचे टायर बाहेरून बघून काही कळत नाही, कारण डोळ्यांना दिसते ती बाहेरची कड, आणि या गाडीत झिजते ती आतली. डेप्थ गेजने प्रत्येक टायरची आतली, मधली आणि बाहेरची खाच वेगवेगळी मोजली. मागचे दोन्ही चारच्या आसपास, बऱ्यापैकी सारखे. पुढचा डावा बाहेर ४.१, मध्ये ३.७, आत २.२ मिमी. पुढचा उजवा थोडा बरा, पण चित्र तेच.

पुढच्या डाव्या टायरवरून तळहात फिरवला. आतून बाहेर नेला तर गुळगुळीत लागतो. बाहेरून आत आणला की प्रत्येक बटणाची, म्हणजे खाचांमधल्या रबरी ठोकळ्याची, कड बोटांना करवतीसारखी अडते. ही खूण टो-आउटची. चाकं समोरून किंचित बाहेर फाकलेली आहेत, त्यामुळे रबर रस्त्यावर गोल फिरता फिरता आडवंही घासलं जातंय. म्हणजे नुसते टायर बदलून भागणार नाही.

साइडवॉलवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सांगतात टायर कधी बनला : १९१८, म्हणजे २०१८ चा एकोणिसावा आठवडा. सात वर्षं झाली. खाचांच्या तळाशी बारीक भेगा आहेत, नख टेकवलं की जाणवतात. कायद्याची मर्यादा १.६ मिमी, त्या हिशेबाने हे टायर अजून 'चालतात'. पण ओल्या रस्त्यावर टायरची पकड १.६ पर्यंत टिकत नाही. तीनच्या खाली गेलं की पाणी बाहेर टाकायची ताकद झपाट्याने उतरते. या टायरवर पावसाळा काढायचा नाही, एवढं आज पक्कं.

चारही एकदम बदलायचे. या गाडीत मागच्या चाकांना ताकद हॅल्डेक्स क्लचमधून जाते. पुढे नवे आणि मागे अर्धे झिजलेले टायर घातले तर पुढची-मागची चाकं कायम वेगवेगळ्या गतीने फिरणार आणि तो फरक क्लचला सोसावा लागणार. दोन टायरचे पैसे वाचवून तिकडे खर्च काढण्यात अर्थ नाही.

१९ एप्रिल

नाना पेठ आणि शंकरशेठ रस्ता. दुपारपर्यंत तीन-चार दुकानं झाली.

पुण्यात 'समर टायर' मागायची गरज पडत नाही. जिथे हिवाळ्यात पारा सात अंशांच्या खाली राहतो तिथे उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, म्हणून हिवाळी टायरचा वेगळा संच लागतो. आपल्याकडे जानेवारीतल्या एखाद्या पहाटेपुरताच तो प्रश्न. त्यामुळे साइडवॉलवर एम अधिक एस (चिखल आणि बर्फ) असं लिहिलेला ऑल-सीझन टायर घेऊन आपण फक्त पकड गमावतो, मिळवत काहीच नाही. आपला प्रश्न वेगळा : एप्रिलमध्ये तापून निघालेलं डांबर आणि जुलैमध्ये त्याच डांबरावर वाहणारं पाणी, दोन्ही एकाच रबराने झेलायचं.

मापाचं नशीब चांगलं. २४५/४० आर१८ हे माप बऱ्याच जर्मन सेडानांनाही लागतं, म्हणून निवड करायला वाव आहे. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४, कॉन्टिनेन्टल मॅक्सकॉन्टॅक्ट एमसी६, योकोहामा अ‍ॅडव्हान स्पोर्ट व्ही१०५ आणि व्रेडेस्टाइन अल्ट्राक व्होर्टी अशी नावं समोर आली. टायर हातात घेऊन बघता आले ते पहिले दोन.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जून २०२० मध्ये मोटारींच्या नव्या टायरची आयात केंद्र सरकारने निर्बंधित यादीत टाकली. तेव्हापासून परवाना लागतो. शिवाय आयएसआयचा शिक्का आधीपासूनच सक्तीचा आहे, मोटारीच्या टायरवर तो आयएस १५६३३ या क्रमांकासह दिसतो. त्यामुळे परदेशातली चाचणी वाचून 'मला हाच हवा' असं ठरवून दुकानात जाणं फुकट. आधी इथे काय मिळतं ते बघावं, मग त्यातलं उत्तम शोधावं.

ज्या दुकानातल्या काकांशी शेवटी सूर जुळला त्यांनी मी न विचारता टायर आडवा करून डॉट दाखवला. पायलट स्पोर्टवर ४८२२. "साहेब, हा अडीच वर्षांचा आहे. नवा लॉट मागवतो, पण कधी येईल ते आज सांगत नाही." एमसी६ वर ०३२५, म्हणजे यंदाच्या जानेवारीतला. काळोख्या, थंड गोदामात ठेवलेला टायर दोन-तीन वर्षांत बिघडत नाही, हे खरं. पण पत्र्याच्या शेडमध्ये दोन उन्हाळे काढलेला टायर आणि थंड गोदामातला टायर बाहेरून सारखेच दिसतात. मधल्या काळात तो कुठे होता, हे मला कोणी सांगू शकत नाही.

२६ एप्रिल

टायरच्या आधी सस्पेन्शन. लिफ्टवर गाडी घेतल्यावर पुढच्या खालच्या कंट्रोल आर्मचे (चाक जागेवर धरणाऱ्या दांड्याचे) मागचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, चिरलेले दिसले. मेकॅनिकने पहार लावून आर्म हलवला तर रबर तोंड उघडून दिसत होतं. असे बुश ठेवून केलेली अलाइनमेंट यंत्रावर हिरवी दिसते आणि पहिल्या जोरदार ब्रेकला चाक पुन्हा बाहेर फाकतं. दोन्ही बाजूंचे बुश सांगितले. अलाइनमेंट नव्या टायरवरच करायची.

पुण्यात बहुतेक लोक उलट क्रमाने करतात : आधी टायर, मग वर्षभराने 'टायर लवकर गेले' ही तक्रार. वीस हजारांच्या पुढचा एकेक टायर घालायच्या आधी बुश, बॉल जॉइंट, बेअरिंग बघून घ्यायला अर्धा तास लागतो. तो कोणीही द्यावा.

४ मे

अठरा इंची ठेवायचे की सतरावर उतरायचं? आज कागदावर बसलो.

२४५/४० आर१८ : साइडवॉल २४५ चे चाळीस टक्के, म्हणजे ९८ मिमी. पूर्ण व्यास ६५३ मिमी.
२४५/४५ आर१७ : साइडवॉल ११० मिमी. व्यास ६५२ मिमी.

व्यासात मिलिमीटरभराचा फरक. स्पीडोमीटर, एबीएस, क्वाट्रो कोणालाही पत्ता लागणार नाही. आणि रीम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये बारा मिमी जास्त रबर. सिंहगड रस्त्यावर किंवा पावसाळ्यातल्या कात्रजला हे बारा मिमी म्हणजे रीम वाचणं किंवा वाकणं.

मोह खूप झाला. तरी अठराच ठेवतोय. स्टेअरिंग वळवल्यावर नाकाने लगेच ऐकावं यासाठी ही गाडी घेतली. साइडवॉल उंच झाली की तो प्रतिसाद किंचित उशिरा येतो, आणि ताम्हिणीत एकामागून एक वळणं येतात तेव्हा तो उशीर हाताला कळतो. शिवाय सतराची चांगली रीम शोधणं हा वेगळा प्रकल्प. मात्र जो कोणी ही गाडी रोज ऑफिसला नेतो, त्याने सतराच घ्यावे असं मी मनापासून सांगेन.

२५५ किंवा २३५ चा विचारच केला नाही. २५५/४० आर१८ व्यासाने सव्वा टक्का मोठा होतो, आणि रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. दिसायला भरदार, जुलैमध्ये वाईट.

लोड इंडेक्स : हेच माप ९३ मध्येही येतं आणि ९७ मध्येही. ९३ म्हणजे एका टायरवर ६५० किलो, ९७ म्हणजे ७३० किलो आणि एक्स्ट्रा लोडची बांधणी. गाडी जेमतेम १,३५० किलोची, ९३ पुरेसा आहे. पण एक्स्ट्रा लोडचा सांगाडा जास्त दणकट असतो आणि आपल्या रस्त्यांवर तो लागतो. ९७ वाय घेणार. वाय म्हणजे ताशी ३०० किमी. तो वेग इथे कुठेच उपयोगाचा नाही, पण या जातीचे टायर त्या श्रेणीतच येतात.

११ मे

माझा कॉलेजचा मित्र श्टुटगार्टला असतो. त्याच्याशी रात्री फोनवर तासभर. तिथे ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर, उरलेले महिने उन्हाळी, दरवर्षी दोनदा अदलाबदल, आणि नवे घ्यायच्या आधी एडीएसी या जर्मन मोटार क्लबच्या चाचण्या वाचायच्या हा सगळ्यांचा शिरस्ता. त्याचं म्हणणं सरळ होतं : "अरे, पायलट स्पोर्ट घे आणि मोकळा हो."

त्या टायरबद्दल माझं मतही तेच आहे. पण त्या चाचण्यांत खड्डा नसतो, आणि टायर थेट कारखान्यातून ताजा आलेला असतो. शिवाय कोरड्या ट्रॅकवरच्या फेरीची वेळ हा त्यातला सगळ्यात झळाळणारा आकडा, आणि माझ्या लेखी सगळ्यात कमी कामाचा. कोरड्या रस्त्यावर या दर्जाचे सगळेच टायर मला सार्वजनिक रस्त्यावर लागेल त्याच्या कितीतरी जास्त पकड देतात. फरक पडतो तो पाण्यात.

ओल्या रस्त्यावर रबर पकडतं कसं, हे एकदा नीट समजून घेतलं की कॅटलॉग वाचणं सोपं जातं. रस्त्याच्या बारीक खडबडीतपणावर रबर दबतं आणि पुन्हा वर येतं. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही, थोडी आत जिरवतं, आणि त्या जिरवण्यातून पकड येते. घसरत्या टायरमध्ये हे दबणं-उठणं सेकंदाला हजारो वेळा होतं. इतक्या वेगाने ताणलेलं रबर थंड रबरासारखं वागतं, म्हणून प्रयोगशाळेत ओल्या पकडीचा अंदाज शून्य अंशाजवळच्या मोजमापावरून काढतात. नुसतं फिरताना टायर सेकंदाला काही वेळाच दबतो, त्यात वाया जाणाऱ्या ऊर्जेचा, म्हणजे पेट्रोलचा, अंदाज साठ अंशांच्या मोजमापावरून. एका टोकाला जास्त जिरवायचं, दुसऱ्या टोकाला कमी, हे साधलं सिलिकाने. १९९२ मध्ये मिशेलिनने ते मोटारीच्या टायरमध्ये आणलं आणि 'ओल्यात चांगला म्हणजे पेट्रोल खाणारा' हे समीकरण मोडलं. आज या किमतीच्या प्रत्येक टायरमध्ये सिलिका असतं. मात्र कोणी किती आणि कसं मिसळलं, ते साइडवॉलवर लिहिलेलं नसतं.

ट्रेडवेअरच्या, म्हणजे टायर किती टिकेल ते सांगणाऱ्या, आकड्यावर मी फार भिस्त ठेवत नाही. ही अमेरिकी पद्धत आहे. पश्चिम टेक्ससमधल्या सार्वजनिक रस्त्यांवर ७,२०० मैल गाडी चालवून संदर्भाच्या टायरशी तुलना करतात, आणि अंतिम आकडा कंपनी स्वतः जाहीर करते. एकाच कंपनीचे दोन टायर पारखायला ठीक, दोन कंपन्यांची तुलना त्यावर करू नये.

आता पाण्यावर तरंगण्याचा हिशेब. १९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरवरून एक सूत्र काढलं : हवेच्या दाबाचं, पीएसआयमध्ये, वर्गमूळ घ्या आणि १०.३५ ने गुणा, ताशी मैल मिळतात. ३६ पीएसआयचं वर्गमूळ ६, म्हणजे ६२ मैल, ताशी १०० किलोमीटर. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवरची वेगमर्यादा नेमकी तीच. दाब २५ वर उतरला तर तोच आकडा ८३ वर येतो. सूत्र गुळगुळीत टायर आणि भरपूर साचलेलं पाणी धरून आहे, खोल खाचांचा टायर त्याहून बराच पुढे जातो. पण माझ्या पुढच्या टायरची आतली २.२ मिमीची कड 'गुळगुळीत'च्या किती जवळ आहे, ते आता आकड्यात दिसलं.

२० मे

दुपारनंतर पुण्यात धो धो. मे महिन्यात रस्त्यांवर घोट्याएवढं पाणी. गाडी पार्किंगमध्येच ठेवली आणि काकांना फोन केला. पायलट स्पोर्टचा नवा लॉट आलेला नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबता येईल असं वाटत होतं, आता तसं दिसत नाही. एमसी६ चे चार बाजूला ठेवायला सांगितले.

हा निर्णय मी तडजोड म्हणून नोंदवत नाही. एमसी६ कॉन्टिनेन्टलने आशिया-पॅसिफिकच्या बाजारासाठी काढलेला आहे. उष्ण हवा, मुसळधार पाऊस, निकृष्ट डांबर हे सगळं तिथेही आहे. माप, लोड इंडेक्स, श्रेणी हवी ती. आणि चार महिन्यांपूर्वीचा ताजा टायर, चारही एकाच आठवड्यातले. टायरचं नाव आणि टायरचं वय यांत आपल्याकडे आधी वय बघावं, असं माझं आता ठाम मत झालंय.

२४ मे, शनिवार

बसवले.

दुकानात उभं राहून बघितलेल्या गोष्टी : नव्या टायरवर 'आउटसाइड' हा शब्द चारही चाकांवर बाहेर आहे ना, हे पोरगा यंत्रावर टायर चढवण्याआधी काकांनी स्वतः पाहिलं. असिमेट्रिक टायर फिरण्याच्या दिशेला बांधलेला नसतो, आत-बाहेरला बांधलेला असतो. बाहेरचा खांदा वळणात भार घेतो, आतला भाग पाणी काढतो. एक टायर उलटा बसला तर गाडी एका वळणाला वेगळी आणि दुसऱ्याला वेगळी वागते.

रिमच्या ओठावर जुन्या हवेच्या गळतीचा पांढरा थर होता, तो घासून काढला. व्हॉल्व्ह चारही नवे. बॅलन्सिंगला तीन चाकं थोड्याशा वजनात सरळ झाली, चौथ्याला बरंच शिसं मागत होतं. काकांनी हवा काढली, टायर रिमवर अर्धा फिरवला आणि पुन्हा लावलं, मागणी निम्म्यावर आली. घाईच्या दुकानात तेवढं शिसं चिकटवून गाडी बाहेर काढली असती.

बोल्ट हाताने लावून टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटर. न्यूमॅटिक गनने शेवटचा आवळ देऊ दिला नाही. मग अलाइनमेंट, नव्या बुशांसह. पुढचा टो जवळपास शून्यावर, किंचित आत. या गाडीत टायरमध्ये वेगळा सेन्सर नाही, हवा कमी झाली की चाकाच्या गतीवरून गाडी ओळखते, म्हणून नवा दाब मेन्यूत जाऊन साठवला.

गेजवर नवी खोली ७.६ मिमी. जुन्यांतला पुढचा डावा टायर घरी आणलाय. सोसायटीतली मुलं झोका करणार म्हणाली होती. आतली कड बघितल्यावर त्यांच्या आयांना तो फार आवडेल असं नाही, आधी धुऊन देतो.

२६ मे

मॉन्सून मुंबईत आणि पुण्यात दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे सोळा दिवस आधी.

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा थर असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर तो घासून जाईपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही, आणि ओल्यात तर अजिबात नाही. म्हणून सध्या शहरातच, सावकाश, मोठं अंतर ठेवून.

१४ जून

पहाटे ताम्हिणी. मुळशी धरणाच्या कडेने गेलो तेव्हा पाऊस एकसारखा होता, पुढे उतारावर रस्ता आडवा कापत पाण्याचे ओहोळ.

पहिला फरक स्टेअरिंगमध्ये. जुन्या टायरवर ओहोळात चाक शिरलं की स्टेअरिंग क्षणभर हलकं व्हायचं. आता पाणी खालून जातंय हे कळतं, पण वजन हातातून सुटत नाही. दुसरा फरक ब्रेकमध्ये : रिकाम्या सरळ पट्ट्यावर मागे-पुढे कोणी नाही हे बघून साठवरून जोरात ब्रेक दाबला. एबीएसची धडधड आली, पण उशिरा, आणि गाडी सरळ रेषेत थांबली. वळणात पुढचं नाक बाहेर सरकतं तेव्हा ते आधी कुजबुजून सांगतं, ही या टायरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. पकड किती आहे यापेक्षा ती सुटणार हे कधी कळतं, याला घाटात जास्त किंमत आहे.

दोष : खडबडीत काँक्रीटवर अपेक्षेपेक्षा जास्त आवाज. आणि मधल्या स्टेअरिंगला जुन्यांइतकी धार नाही. नव्या, खोल बटणांचा टायर थोडा हलतोच, झिजेल तशी ही धार येईल.

२० जुलै

एक्सप्रेसवेने मुंबई. हवा घरून निघताना, टायर थंड असताना तपासली. पेट्रोल पंपावर तासभर चालवून आलेल्या गाडीची हवा बघून 'जास्त आहे' म्हणत काढायची, ही आपल्याकडची सर्रास चाललेली आणि खरोखर धोक्याची सवय आहे. टायर तापला की दाब वाढणारच, दर साडेपाच अंशांना साधारण एक पीएसआय. तो काढून टाकला तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर उभा राहतो. कमी हवेचा टायर जास्त दबतो, साइडवॉल जास्त तापते, आणि लांब काँक्रीट रस्त्यावर तो फुटतो. इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जूनला खुला झाल्यापासून समृद्धी ७०१ किलोमीटर सलग झाला आहे, मोटारींना मर्यादा १२० ची. त्यावर निघायच्या आधी स्वतःच्या गेजने थंड दाब बघा, ही मी ओळखीच्या प्रत्येकाला विनंती करतो. गेज पाच-सातशे रुपयांत मिळतो. नायट्रोजन भरला असला तरी तपासणी चुकत नाही.

खंडाळ्याच्या अलीकडे उजव्या लेनमध्ये साचलेलं पाणी लागलं. मी ऐंशीवर होतो. डावीकडच्या चाकांनी काहीच कळवलं नाही, उजवीकडून एक हलकी ओढ. बस.

२७ सप्टेंबर

पाऊस ओसरतोय, म्हणून पुन्हा चाकं उतरवून मोजणी. पुढे आत ६.८, मध्ये ६.९, बाहेर ६.९. मागे सगळीकडे ७.१ च्या आसपास. तळहात दोन्ही दिशांना सारखा फिरतो. बुश आणि अलाइनमेंटचे पैसे इथे वसूल झाले.

एका साइडवॉलवर बोटाएवढी घासल्याची खूण, बहुधा फूटपाथची कड. रिमच्या बाहेर आलेली रबराची पट्टी, साइडवॉलवर एफआर लिहिलंय ती, रीम वाचवून गेली. फुगा कुठेही नाही. दोन्ही बाजूंनी, आतल्याही, हात फिरवून बघितलं.

जे आता टायर घेणार आहेत त्यांच्यासाठी : २२ सप्टेंबरपासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. दुकानदाराकडे जुन्या छापील किमतीचा माल असेल, तर नव्या दराने बिल मागा.

पुढची-मागची चाकं आज सरळ अदलाबदल केली, डावी डावीकडेच. दाब पुन्हा साठवला. पुढचं मोजमाप फेब्रुवारीत, उन्हाळा सुरू व्हायच्या आधी.